कैद्यांची पंगत

युद्धकैद्यांवरचा सिनेमा म्हटला की भुयार आलंच. ज्याँ रेन्वारच्या 'ला ग्रांद इल्युजियों' (१९३७) या फ्रेंच चित्रपटातही ते आहे. पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन छावणीत फ्रेंच अधिकारी रात्र रात्र जमीन खणतात, आणि भुयार तयार होतं नेमक्या त्याच दिवशी त्यांना दुसरीकडे हलवलं जातं. निघता निघता मारेशाल हा कैदी नव्याने येणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याला सांगायची धडपड करतो, की आमच्या खोलीत बाहेर जायची वाट तयार आहे. इंग्रजाला फ्रेंच कळत नाही. सगळी मेहनत पाण्यात! रेन्वार मात्र तिथे हळहळत थांबत नाही. निसटण्याच्या थरारापेक्षा त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत गुंतलेला आहे: ही माणसं कोणाच्या शेजारी बसून जेवतात.

चित्रपटातलं पहिलं मोठं दृश्य जेवणाचंच आहे. मारेशाल आणि कॅप्टन बोएल्दियू टेहळणीसाठी विमानातून निघतात, एवढंच आपल्याला कळतं. विमान पाडलं जाताना दिसतच नाही. फ्रेंच मेसमधून आपण थेट जर्मन मेसमध्ये पोचतो, आणि विमान पाडणारा राउफेनश्टाइन सांगतो, की त्यातले अधिकारी असतील तर त्यांना जेवायला बोलवा. टेबलावर बसल्यावर दोन गप्पा सुरू होतात. राउफेनश्टाइन आणि बोएल्दियू दोघेही खानदानी सरदार. बर्लिनमध्ये भेटलेला एक नातेवाईक निघतो, आणि ते सहज इंग्रजीत शिरतात. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मारेशालचा हात दुखावलेला आहे, त्याला मांस कापता येत नाही. शेजारचा जर्मन फ्रान्समधल्या कारखान्यात काम केलेला निघतो. मारेशालही मेकॅनिकच. तो जर्मन मुकाट्याने त्याच्या ताटातले तुकडे करून देतो. देश दोन, पण ओळखी पटतात त्या उमराव-उमरावांत आणि कामगार-कामगारांत. कोणी भाषण न करता पाचेक मिनिटांत हे सगळं सांगून होतं. मग कोणीतरी एक पुष्पचक्र घेऊन येतं, मारल्या गेलेल्या फ्रेंच वैमानिकासाठी. राउफेनश्टाइन पाहुण्यांची माफी मागतो आणि सगळं टेबल उठून उभं राहतं. पुढच्या दोन तासांत जे घडणार आहे, त्याचं बीज इथे पडलेलं आहे.

हाल्बाखच्या छावणीत यजमानपद रोझेंतालकडे जातं. हा पॅरिसच्या श्रीमंत ज्यू घराण्यातला. त्याच्या घरून येणाऱ्या पार्सलांत पहारेकऱ्यांच्या स्वप्नातही नसलेले पदार्थ निघतात, आणि तो ते खोलीतल्या सगळ्यांना वाढतो. शिक्षक, नट, मेकॅनिक, सरदार असे सगळे एका टेबलावर येतात. पण पंगत एक झाली म्हणून माणसं एक होत नाहीत. इतके महिने सोबत काढूनही बोएल्दियू मारेशालला 'तुम्ही'च म्हणतो. मारेशालला ते खुपतं, तेव्हा तो सांगतो, की मी आईला आणि बायकोलाही 'तुम्ही'च म्हणतो. यात तुसडेपणा नाही. त्या माणसाला दुसरं काही येतच नाही, आणि बोएल्दियू साकारणाऱ्या पिएर फ्रेनेने ही असहायता चेहऱ्यावरची एकही रेष न हलवता दाखवली आहे.

विंटर्सबोर्नच्या किल्ल्यात पुन्हा राउफेनश्टाइन भेटतो, आता कमांडंट म्हणून. पाठीचा कणा मोडलेला, मानेला आणि हनुवटीला आधार देणारा पट्टा, पांढरे हातमोजे, खिडकीत जिरेनियमचं एकच झाड. हे काम एरिक फॉन श्ट्रोहाइमचं. व्हिएन्नातल्या एका ज्यू टोपीवाल्याच्या या मुलाने अमेरिकेत गेल्यावर 'फॉन' स्वतःच लावून घेतलं होतं, आणि पडद्यावर त्याच्याइतका अस्सल सरदार मी दुसरा पाहिलेला नाही. राउफेनश्टाइन सहकैद्यांना टाळून एकट्या बोएल्दियूला आपल्या खोलीत बोलावतो. बोएल्दियूचा शब्द त्याला पुरतो, पण मारेशाल आणि रोझेंताल यांचा शब्द त्याला शब्द वाटत नाही. बोएल्दियू शांतपणे म्हणतो, त्यांचा शब्दही आपल्याइतकाच पक्का आहे. माझ्या मते चित्रपटाचा कणा या एका उत्तरात आहे. उत्तर देणारा स्वतःच्या जातकुळीबाहेर पाऊल टाकतो आणि पुढे त्या दोघांना निसटता यावं म्हणून बासरी वाजवत पहारेकऱ्यांना स्वतःमागे धावायला लावतो. परत ये म्हणून राउफेनश्टाइन त्याला विनवतो, तेही इंग्रजीत, दोघांच्या खासगी भाषेत. मग पायावर नेम धरतो आणि गोळी पोटात लागते.

सुटलेले दोघे बर्फातून स्वित्झर्लंडच्या दिशेने चालतात. वाढणाऱ्या रोझेंतालकडे आता मोजून उरलेले साखरेचे खडे आहेत आणि मुरगळलेला पाय. भूक आणि थंडी वाढते तसा मारेशालच्या तोंडून ज्यूंबद्दलचा द्वेष बाहेर पडतो. तो त्याला सोडून निघून जातो आणि थोड्याच वेळात परत येतो. माफी नाही, समजावणी नाही. नुसता आधार देऊन पुढे चालू लागतो. रेन्वारने आपल्या नायकाला निर्मळ ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच ते परत येणं खरं वाटतं.

यानंतर दोघे एल्सा या जर्मन विधवेच्या शेतघरात आसरा घेतात. हा भाग सैल आहे, अशी तक्रार काही जण करतात. मला ती मान्य नाही. एल्साच्या नवऱ्याचा आणि भावांचा जीव ज्या लढायांत गेला, त्या ती एकेक करून सांगते: व्हर्दां, लिएज, शार्लरुआ, टानेनबर्ग. यांतल्या बहुतेक जर्मनीच्या विजयाच्या. आणि मग म्हणते, आता टेबल फार मोठं झालंय. सिनेमाभर भरलेली टेबलं पाहिलेल्या प्रेक्षकाला हे एक वाक्य हलवून सोडतं. त्याच घरात नाताळ येतो, बटाट्यातून कोरलेला बाळ येशू येतो, आणि मारेशाल कॉफी तयार असल्याचं जर्मनमधून सांगायला शिकतो. ही जवळीक मधेच तुटणार, हे आपल्याला ठाऊक असतं.

रेन्वार स्वतः त्या युद्धात टेहळणी वैमानिक होता. ज्याँ गाबँने मारेशालच्या भूमिकेत घातलेला कोट रेन्वारचाच. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पुरस्कार मिळाला. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चा गौरव झाला, तोही त्याच वर्षी, त्याच महोत्सवात. मुसोलिनीच्या सरकारने नंतर चित्रपटावर बंदी घातली, आणि गोबेल्सने त्याला पडद्यावरचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. रोझेंताल साकारणारा मार्सेल दालियो ज्यूच होता. १९४०मध्ये त्याला पॅरिस सोडून पळावं लागलं, आणि नाझींनी त्याचा फोटो ज्यूविरोधी पोस्टरवर छापला. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जर्मनांनी बर्लिनला नेली, तिथून रशियन सैन्याने मॉस्कोला. १९६०च्या दशकात ती तूलूझच्या संग्रहालयात पोचली, पण तिची ओळख पटायला १९९०चं दशक उजाडलं. आज दिसणारी स्वच्छ प्रत तिच्यावरूनच तयार झाली आहे.

पाहायचा असेल तर उपशीर्षकांसह मूळ आवाजातच पाहा. यातली माणसं फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि रशियन बोलतात, आणि कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतो त्यावर अर्धी गोष्ट उभी आहे. डब केलेल्या प्रतीत ती सगळी नाहीशी होते.