पुलाआधीचा प्रश्न : ‘हरकती व सूचना’ या प्रकाराची चिकित्सा



आजचा विषय पुलाचा आहे, पण मी इंजिनिअर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे खांब किती हवेत, गर्डर कसले हवेत, हे मी सांगणार नाही. पुलाबद्दल लोकांना विचारण्याची जी एक रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिची चिकित्सा करायची आहे. एखाद्या कादंबरीची समीक्षा करतो ना, तशी ‘हरकती व सूचना’ नावाच्या या सरकारी साहित्यप्रकाराची समीक्षा, असं समजा.

आधी प्रसंग काय ते सांगतो. मिरा रोडच्या शिवाजी चौकापासून विरारपर्यंत मेट्रो १३ हा मार्ग प्रस्तावित आहे, साधारण २३ किलोमीटरचा. तो वसईत यायचा तर मध्ये खाडी आहे, म्हणजे उल्हास नदीचं मुख. भाईंदर-नायगाव रस्त्याच्या पुलाची चर्चाही कित्येक वर्षं चालू आहे. आज गाडीने खाडी ओलांडायची तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. २०२४ पासून रो-रो बोट आहे, ती सोय चांगली, पण ती पुलाची जागा घेऊ शकत नाही. आणि विरार लोकलमध्ये सकाळी आठ वाजता दारात उभं राहिलेल्या माणसाला पुलाची गरज समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा पूल हवा का, हा आज आपल्यातला वाद नाही. तो कोणासाठी, हा आहे.

हा प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून पाणजूकडे बघा. नायगाव आणि भाईंदर यांच्या मध्ये खाडीत हे बेट आहे. रेल्वेचे पूल त्याच्या दोन्ही अंगांनी जातात. बीबीसीआय रेल्वेने १८६० च्या दशकात इथे खाडी ओलांडली आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली. दीडशे वर्षांहून जास्त काळ गाड्या पाणजूजवळून धडधडत जातात. पाणजूला मात्र स्टेशन नाही. माणसांनी होडीने ये-जा करायची, आणि होडी नसेल तेव्हा रेल्वेपुलाच्या कडेने चालत जायचं. गाडीतून आपण भक्तिभावाने निर्माल्य टाकतो, नारळ टाकतो. २०२५ मध्ये असाच चालत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या एका तरुणाचा जीव गेला.

दोन्ही बाजूंना पूल असलेलं आणि तरीही पूल नसलेलं असं हे गाव आहे. पुलाच्या नकाशात यात कसलीच चूक सापडणार नाही. बोरिवली ते विरार हा हिशोब बरोबर आहे, फक्त त्या हिशोबात पाणजू धरलेलंच नाही. इंग्रजांच्या काळात कोणी कोणाला विचारत नव्हतं, हे समजू शकतो. आज आपण विचारतो. म्हणून विचारतो कसं, ते तपासायला हवं.

आपल्या नोटिशीची भाषा तुम्हाला पाठ असेल. ‘ज्या कोणास हरकती व सूचना सादर करावयाच्या असतील त्यांनी विहित मुदतीत लेखी स्वरूपात सादर कराव्यात, प्राप्त हरकतींचा विचार केला जाईल.’ १९६६ च्या नगररचना कायद्यापासून ही धाटणी पक्की झाली आहे. हिचं व्याकरण बघा. ‘हरकत’ केव्हा घेतात? गोष्ट ठरलेली असते तेव्हा. लग्न ठरल्यावर ‘कोणाची हरकत नाही ना?’ असं विचारतात, मुलगी बघायच्या आधी कोणी विचारत नाही. म्हणजे नोटीस निघते त्याच क्षणी नागरिकाची भूमिका ठरून जाते. तो हरकतदार. प्रकल्पाची बाजू सरकारकडे, अडवणुकीची बाजू आपल्याकडे. आणि ‘विचार केला जाईल’ या कर्मणी प्रयोगात कर्ता कुठे आहे? विचार कोण करणार, कधी करणार, आणि केला हे आम्हाला कळणार कसं? शाळेत आम्ही असं वाक्य लिहिलं असतं तर मास्तरांनी लाल रेघ मारली असती.

‘जनसुनावणी’ हा शब्दही मोठा गमतीचा आहे. मराठीत ‘सुनावणं’ म्हणजे खडसावणं. त्यामुळे सुनावणीत साहेब प्रकल्प सुनावतात, लोक साहेबांना सुनावतात, आणि ऐकण्याचं काम कोणाकडेच राहत नाही. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. ‘ऐकणं’ आणि ‘ऐकून घेणं’ यांत मराठीने फरक केला आहे. ऐकून घेतलं म्हणजे सहन केलं. ऐकलं म्हणजे त्याचा आपल्या वागण्यावर परिणाम झाला. ‘मुलगा माझं ऐकतो’ याचा अर्थ त्याचे कान चांगले आहेत असा नसतो.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं, ती वितंडा. आपली सुनावणी कागदावर वाद असते आणि सभागृहात जल्प होते. लोकांना तर ‘हरकत’ या शब्दानेच वितंडेत ढकललेलं असतं. मग वर ऐकवायचं, की लोक नुसता विरोध करतात, पर्याय देत नाहीत. अहो, पर्याय मांडायला जागा कुठे ठेवली? आणि ज्या टप्प्यावर पर्याय शक्य होता, त्या टप्प्यावर बोलावलं कोणाला?

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पुलाचा भार, भरतीचा जोर, खाडीच्या तळाची माती हे विषय हात वर करून ठरत नाहीत. मान्य. पण ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. घर बांधणाऱ्यापेक्षा घरात राहणाऱ्याला घर जास्त कळतं, आणि जेवण कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा जास्त चांगलं सांगतो. ओहोटीला होडी कोणत्या दोन खांबांमधून काढायची हे नायगावच्या नाखव्याला माहीत असतं. खांबाजवळ गाळ धरतो की पाणी उकरून नेतं हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. स्टेशन खाडीपासून किती लांब पडलं तर रात्री बाई एकटी चालत जाणार नाही, हे भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या बाईला कळतं. हे ज्ञान भावना म्हणून नोंदवायचं नसतं, माहिती म्हणून घ्यायचं असतं. ते खांबांची जागा पक्की होण्याआधी मिळालं तर स्वस्तात उपयोगी पडतं, नंतर मिळालं तर त्याची तक्रार होते.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांना विचारत बसलं तर कामं रखडतात म्हणे. भाईंदर-नायगावचा पूल इतकी वर्षं रखडला तो लोकांना जास्त विचारल्यामुळे, असं कोणी म्हणेल का? रेल्वे प्रकल्पांना तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वमंजुरीच लागत नाही, त्यामुळे तिच्यातली जनसुनावणीही लागत नाही. तरीसुद्धा ते वेळेत संपतात असा काही अनुभव नाही. विचारलं नाही की विरोध टळत नाही, तो फक्त न्यायालयात जातो. महापालिकेतून गावं वगळण्याचं प्रकरण आठवा. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला आणि पुढची कित्येक वर्षं तो कोर्टाच्या पायऱ्यांवर राहिला.

भाषेचा मुद्दा वसईने स्वतः भोगलेला आहे. २०१६ मध्ये महानगर प्रदेशाच्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा तो मराठीत द्या अशी मागणी इथून करावी लागली. ज्याच्या वाडीवर रेघ मारली जाते, त्याला ती रेघ त्याच्या भाषेत वाचायचा हक्क मागून घ्यावा लागतो. पुढे २०२० मध्ये पर्यावरण अधिसूचनेच्या नव्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो २२ भाषांत द्या असं सांगितलं, म्हणजे ही तक्रार वसईपुरती नव्हती. आणि नोटिशीची मराठी ही तरी कोणाची मराठी? वाडवळी किंवा सामवेदी बोलणाऱ्या म्हातारीला ‘विहित नमुन्यात’ बोला म्हणणं हेही एक दार लावणंच आहे. त्यात २०२० मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली ती २०२६ च्या सुरुवातीच्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाकडेच होती. त्या काळात नगरसेवकाकडे जाऊन ‘माझं एवढं सांगा’ म्हणण्याचीही सोय नव्हती.

बाहेर सगळं छान आहे असंही नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरात विलामेट नदीवर २०१५ मध्ये लाइट रेलचा एक पूल सुरू झाला. त्यावर रेल्वे, बस, सायकल आणि पायी माणसं जातात, खाजगी मोटारीला बंदी. पूल कोणत्या प्रकारचा असावा यासाठी समिती होती. खर्चाच्या कारणाने एक प्रकार मागे पडला आणि केबलच्या आधाराचा पूल ठरला. नावासाठी सुमारे साडेनऊ हजार सूचना आल्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी जोडलेल्या चिनूक बोलीतला ‘टिलिकम’ म्हणजे ‘लोक’ हा शब्द निवडला गेला. कौतुक आहेच. पण टीकाकाराने एवढं विचारावं, की नाव विचारणं सगळ्यात सोपं असतं. शेरी आर्नस्टीन या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात ‘सल्लामसलत’ ही चौथी पायरी आहे. देखाव्याच्या गटातली. विचारलं, पण ऐकलं जाईल याची हमी नाही. पोर्टलंडकडून घेण्यासारखी गोष्ट नाव नाही. पुलावर कोण जाणार, हा प्रश्न तिथे आधी विचारला गेला, ती आहे.

मग माझं म्हणणं काय? भारतीय शास्त्रग्रंथांची एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही असा की विरोधकाने म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ मग उत्तरपक्ष. मग सिद्धान्त. खाडीवरच्या पुलासाठी एवढंच करा. आलेली प्रत्येक हरकत तिच्या खऱ्या अर्थाने छापा. तिच्याखाली उत्तर द्या, मान्य असेल तर काय बदललं ते लिहा, अमान्य असेल तर का ते लिहा, आणि खाली सही करा. ही सही आली की कर्मणी प्रयोगाला कर्ता मिळेल. बैठक रविवारी घ्या, कारण नोकरदार वसईकर मंगळवारी सकाळी अकराला चर्चगेटला असतो. आणि एक बैठक पाणजूवर घ्या. साहेबांनी होडीने जावं. आराखड्यात काय राहून गेलं आहे, ते त्यांना भाषण न ऐकताही कळेल.

यातून लोकांच्या मनासारखाच पूल होईल असं मी म्हणत नाही. वादात हरताही येतं. पण ज्याला कारण सांगून नाही म्हटलं तो नागरिक राहतो, आणि ज्याला उत्तरच दिलं नाही तो नुसता हरकतदार राहतो. मेट्रोचा पूल आपल्या पुढच्या चार पिढ्या वापरतील. त्यांच्यातल्या कोणालाही पुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालावं लागू नये, यासाठी आपण आज काय विचारलं होतं, ते कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. हरकतीही चालतील, उत्तर देण्याची जबाबदारी माझी.