हौदातली माकडीण आणि ‘सत्तांतर’मधले वानर

हौदातल्या माकडिणीची गोष्ट ऐकली नाही, असे मराठी घर सापडणे कठीण. बहुधा ती अकबर-बिरबलाच्या नावावर सांगितली जाते. कोरड्या हौदात माकडीण व तिचे पिल्लू ठेवतात आणि पाणी सोडतात. पाणी वर चढू लागले की ती पिल्लाला कडेवर घेते, मग डोक्यावर घेते; आणि पाणी नाकाशी आले की त्याच पिल्लाला पायाखाली घालून त्यावर उभी राहते. तात्पर्य, स्वतःच्या जिवापेक्षा प्रिय असे जगात काही नाही. घरात, शाळेत, क्वचित व्यासपीठावरूनही ही गोष्ट सांगितली जाते आणि श्रोते माना डोलावतात.

या गोष्टीला माझी हरकत आहे. पंचतंत्रातले माकड आपले काळीज झाडावर ठेवून आल्याचे मगरीला सांगते, तेव्हा तो प्राणिशास्त्राचा पाठ आहे असे लहान मूलही मानत नाही. तिथे माकडाचा मुखवटा उघड आहे. हौदाची गोष्ट मात्र प्रयोगाचा आव आणते. पाहा, निसर्गातच असे घडते, म्हणून माणसाचेही असेच, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रत्यक्षात माकडांचा व वानरांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळेच पाहिले आहे. मेलेले पिल्लू आई उराशी धरून कित्येकदा दिवसच्या दिवस हिंडते. स्वार्थाचा सिद्धान्त माणसाचा, आणि त्यासाठी साक्ष मात्र एका मुक्या आईची, तीही खोटी.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी पुन्हा वाचावी, असे सुचवावेसे वाटते. १९८२ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही माडगूळकरांनी त्याच वर्षी भूषविले. ‘बनगरवाडी’चा लेखक म्हणून त्यांना ओळखणारे पुष्कळ, वानरांच्या टोळीवर लिहिलेले हे छोटे पुस्तक मात्र अनेक घरांत पोहोचलेले नाही.

मराठीत वानर आणि माकड हे दोन शब्द आहेत, आणि ते दोन निराळे प्राणी आहेत. शहाडच्या पुलावरून मुरबाडमार्गे माळशेजला जाताना घाटात गाडीपाशी येते ते बहुधा आखूड अंगाचे माकड. ‘सत्तांतर’चा नायक वानर आहे, काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा, झाडपाल्यावर जगणारा. एक प्रबळ नर, त्याच्याभोवती माद्या व पिल्ले, आणि रानात बाहेर फिरणारे बेघर नर, अशी ही व्यवस्था. बाहेरचा नर चढाई करतो, जुना प्रमुख हरतो, नव्याची सत्ता येते. या सत्तेची पहिली किंमत अंगावर पिणारी पिल्ले चुकवतात. नवा प्रमुख त्यांना ठार करतो.

ही लेखकाची कल्पना नव्हे. बेळगावच्या पलीकडे धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी असे सत्तापालट आणि पिल्लांच्या हत्या नोंदवल्या. पुढे जोधपूरला मोहनोत यांनी तेच पाहिले, आणि अबूच्या वानरांवर सारा ब्लाफर हर्डी यांनी १९७७ साली ग्रंथ लिहिला. अंगावर पिणारे पिल्लू गेले की आई लवकर पुन्हा गर्भधारणेस योग्य होते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते, असे त्यांचे विवेचन होते. काही अभ्यासकांनी ते नाकारले. दाटीमुळे बिघडलेल्या टोळ्यांचा हा विकार आहे, असे त्यांचे मत होते. १९९९ साली नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीत हल्लेखोर नर हे मारल्या गेलेल्या पिल्लांचे पिते नव्हते असे आढळले, आणि हर्डी यांच्या बाजूला बळ मिळाले. त्यांच्याच निरीक्षणातली दुसरी गोष्ट आपण सहसा सांगत नाही. म्हाताऱ्या माद्या पुढे सरसावून दुसरीच्या पिल्लासाठी त्या नराशी झुंजतात.

माडगूळकरांचा मोठेपणा असा की हे भयंकर सत्य सांगताना ते आवाज चढवीत नाहीत. मारणारा नर त्यांच्या लेखी खलनायक नाही आणि वीरही नाही. वानरांच्या तोंडी ते माणसाची भाषणे घालत नाहीत. सृष्टीत असे का, हा प्रश्न श्रद्धावंत वाचकाला टोचल्याशिवाय राहणार नाही. मलाही तो टोचतो. लेखक त्याचे सोपे उत्तर देत नाही, आणि त्यामुळेच पुस्तक प्रामाणिक राहते.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे, आणि ती शीर्षकात आहे. ‘सत्तांतर’ हा शब्द विधानसभेचा आहे. तो वाचताच आपले मन मंत्रालयाकडे धावते, आणि वानर पुन्हा आपल्या राजकारणाचे सोंग होऊन बसतात. त्याहून गंभीर धोका असा की, निसर्गातच असे असते, हे वाक्य बलवानाच्या तोंडी पळवाट बनते. वानराला न्यायासनासमोर उभे करता येत नाही. माणसाला ती सूट नाही. पुस्तक हा भेद कोठे पुसत नाही, पण शीर्षक तो पुसण्याचा मोह वाचकाला घालते.

हा मोह किती बलवत्तर असतो, हे डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात दिसले. माजलगाव तालुक्यातील लवूळ गावात वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व छपरांवर नेत होते. तिथे ती पडून वा उपासमारीने मरत होती. एवढी घटना. परंतु कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी सूड उगवला, अडीचशे कुत्री मारली, अशी कथा बातम्यांतून देशोदेशी गेली. वनखात्याने दोन वानर पकडून नेले. वानरांच्या टोळीत नवजात पिल्लू पहिल्या दिवसापासून अनेक माद्यांच्या हातांतून फिरते. परके पिल्लू उचलणे म्हणजे वैरच, असे म्हणायला आधार नाही. पण सूड ही माणसाच्या ओळखीची गोष्ट, म्हणून तीच खपली.

वाचकहो, उत्पत्तीच्या पुस्तकात देव प्राण्यांना आदामासमोर आणतो, तो त्यांना काय नावे देईल हे पाहायला. नाव देणे ही जबाबदारी आहे. समोरच्याला नीट न पाहता खुनी, स्वार्थी, सूडबुद्धीचा ठरवण्याची सवय झाडावरच्या प्राण्यापाशी थांबत नाही. ती शेजारच्या दारापर्यंत येते, दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या भाषेच्या माणसापर्यंत जाते.

म्हणून हौदाची गोष्ट मुलांना सांगायचीच असेल, तर मेलेले पिल्लू न सोडणाऱ्या आईचीही सांगावी. आणि मुले जाणती झाली की त्यांच्या हाती ‘सत्तांतर’ द्यावे. ते कोवळ्या वयाचे पुस्तक नाही. पण दुसऱ्या जीवाकडे आपला आरसा न धरता कसे पाहावे, हे शिकवणारी पुस्तके मराठीत मोजकीच आहेत, आणि हे त्यांतले एक आहे.