पुलापर्यंतचा मित्र : मराठी चित्रपटातील वाढते वय

वाढत्या वयाची मुले आणि त्यांची दोस्ती या विषयावर मराठीत अलीकडच्या काळात लागोपाठ चित्रपट आले. ‘शाळा’, ‘टाइमपास’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘सैराट’ ही नावे चटकन आठवतात. या चित्रपटांविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात ‘निरागस’ हा शब्द वारंवार भेटतो. निरागस प्रेम, निरागस मैत्री, निरागस वय. हा शब्द वाचला की मी थांबतो. निरागस राहण्याची सवलत आपल्या समाजव्यवस्थेत कोणाला किती वर्षे मिळते, हा साधा प्रश्न हे कौतुक करणारे विचारीत नाहीत. या लेखात मला तो विचारावयाचा आहे. आणि तो कथानकापुरता न विचारता कॅमेरा, चौकट, संकलन आणि ध्वनी यांच्यासंबंधी विचारावयाचा आहे. कारण चित्रपटाची जात त्याच्या संवादांत लपवता येते, पण कॅमेरा कोठे उभा आहे हे लपवता येत नाही.

आधी स्वतःचे थोडे सांगतो. कल्याणमध्ये नेतिवलीच्या टेकडीवर आमची वस्ती. वडील रेल्वेत गँगमन, आई घरकाम करणारी. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. शाळा कल्याण पश्चिमेला होती. वर्गातला माझा जिवलग मित्र पश्चिमेचाच. शाळा सुटल्यावर तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत यायचा, पत्री पुलापर्यंत. तेथे आम्ही खालून जाणाऱ्या लोकल मोजीत तासभर उभे राहात असू. मग तो वळायचा आणि मी टेकडी चढायचो. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या घराचे पत्रे गेले, माझी वह्यापुस्तके भिजून लगदा झाली. मी दहावीत होतो. शाळा सुरू झाली तशी त्याने रात्री जागून आपल्या वह्या उतरवून काढल्या आणि मला आणून दिल्या. पण त्या दिल्या पुलावर. टेकडी तो कधी चढला नाही. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला ठासून सांगायचे आहे. वाईट असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

चित्रपटांतली दोस्ती पाहताना मी हा पूल कसोटी म्हणून वापरतो. कॅमेरा मित्राबरोबर कोठपर्यंत जातो? संकलकाची कात्री कोठे चालते?

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, जोशी, सुऱ्या म्हात्रे, चित्रे आणि फावड्या यांचे टोळके. आमच्या कल्याण-डोंबिवलीकडचा वाचक म्हात्रे हे आडनाव ऐकताच त्यामागचे गावठाण, भातशेती आणि विकल्या गेलेल्या जमिनी ओळखतो. चित्रपटाला मात्र हे सर्व जोशीच्या नजरेतून दिसते. नजर जोशीची असल्यामुळे वाढणे जोशीच्या वाट्याला येते आणि मित्रांच्या वाट्याला जोशीला वाढवण्याचे काम येते. वर्षाच्या शेवटी टोळके पांगते. त्याची हुरहुर आपण जोशीच्या चेहऱ्यावर वाचतो. फावड्याच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला कोण सांगणार? हा दोष प्रामाणिकपणाचा नाही. लेखक-दिग्दर्शकाने आपले अनुभवविश्व प्रामाणिकपणे मांडले आहे. पण एका मुलाचे अनुभवविश्व सर्व मुलांचे म्हणून खपवले जाते, तेथे आपण हात वर केला पाहिजे.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ याहून अबोल आणि तंत्रदृष्ट्या अधिक देखणा आहे. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक आहे. वडील वारलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नवी शाळा, बंड्यासारखे नवे दोस्त, सायकली, समुद्र. किल्ल्यावर पावसात तो एकटा पडतो, तेव्हा कॅमेरा दूर जातो आणि त्या प्रचंड भिंतींमध्ये मूल अगदी लहान दिसते. दुःख शब्दांत न सांगता अवकाशातून सांगण्याची ही रीत मला मान्य आहे आणि आवडतेही. मराठीच्या वर्गात मी हा चित्रपट दाखवला तेव्हा पुढच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ह्यांचा पाऊस बाहेर पडतो.” वर्ग हसला. ती हसली नाही. तिच्या या एका वाक्यात मला अख्खी समीक्षा दिसली. याच कोकणाचे आणि याच पावसाचे चित्र ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये आहे. तेथे आई आयदाने विणते आहे आणि त्या विणण्यावर घर चालते आहे. निसर्गाकडे नुसते पाहात उभे राहण्यासाठी मुलाला रिकामा वेळ लागतो. लांबचे, संथ दृश्य ही त्या रिकाम्या वेळेची भाषा आहे. ती वाईट नाही, पण ती सर्वांची मातृभाषा नाही.

३ जानेवारी २०१४ ला रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ लागला आणि तुफान चालला. माझ्या वस्तीतल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. दगडू हा झोपडवस्तीतला पोरगा नायक झाला, हे काही लहान नव्हे. पण दगडूचे मित्र आठवून पाहा. बालभारती, मलेरिया, कोंबडा. टोपणनावे लक्षात राहतात आणि विनोद लक्षात राहतात. या पोरांना स्वतःचे काही दुःख आहे का, हे आठवू गेलो तर हाती काही लागत नाही. लेल्यांची प्राजक्ता चौकटीत आली की प्रकाश मऊ होतो, संगीत सुरू होते. मित्र आले की संकलन उड्या मारू लागते. पडद्यावर गरिबाचे प्रेम गंभीर असू शकते, पण गरिबांची आपापसातली दोस्ती मात्र हसण्याचीच गोष्ट राहते, असे हे तंत्र सांगते. आमच्या पोरांनी स्वतःला पडद्यावर पाहिले आणि स्वतःवरच हसून ती घरी आली.

यानंतर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. जब्या हा कैकाडी कुटुंबातला, शाळेत जाणारा मुलगा. पिऱ्या त्याचा दोस्त. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० मध्ये ज्या समाजाचे जगणे मराठी साहित्यात आणले, त्याच समाजातल्या पोराला पडद्याच्या मध्यभागी यायला तीन दशके लागली.

आरंभीच्या दृश्यांत गलोल घेतलेली ही दोन पोरे काळ्या चिमणीच्या मागे काटेरी रानातून हिंडतात. त्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल अशी जब्याची समजूत. येथे छायालेखकाने जो निर्णय घेतला आहे तो ध्यानात घेण्यासारखा आहे. दोघे बहुधा एकाच चौकटीत, एकाच उंचीवर दिसतात. पिऱ्या विनोदासाठी आणलेला नाही आणि जब्याला वाढवण्यासाठीही नाही. तो जब्याच्या गुपिताचा भागीदार आहे. गावात जब्याला न ओरडता आणि न हसता कोणी ऐकत असेल तर तो पिऱ्या. एवढी बरोबरी दाखवायला मोठे तंत्र लागत नाही. दोघांना कात्री न लावता एकत्र ठेवावे लागते. पण हे साधे काम आपल्या चित्रपटांनी फार थोड्या वेळा केले.

आणि मग शेवटचा डुकराचा पाठलाग. दोन पोरांची शांत चौकट मोडते आणि तिच्या जागी गर्दी येते. आतापर्यंत जब्या पाहात होता, आता जब्याला पाहिले जाते. शाळेतली मुले बघे होऊन जमली आहेत, सामना पाहावा तशी गंमत चालली आहे, शालूही हसते आहे. जब्या लपतो. या लपण्याला मी चित्रपटाचा मध्यबिंदू मानतो. बाबुराव बागूल यांनी १९६३ मध्ये आपल्या कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव दिले. पन्नास वर्षांनी एक पोरगा आपली जात चोरता येत नाही म्हणून आपला देह चोरतो. जोशीला वाढताना प्रेम कळते, चिन्मयला मरण कळते. जब्याला कळते ते इतकेच की आपण इतरांना कसे दिसतो. आपल्यातल्या बहुतेकांचे मोठे होणे असेच, एका दिवसात आणि चारचौघांत झालेले आहे.

पाठलाग ऐन भरात असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. डुक्कर तावडीत आलेले असते, पण जब्या थांबतो, घरचे थांबतात, आणि डुक्कर निसटते. पार्श्वसंगीत नाही, भाष्य नाही. नंतर डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. दिग्दर्शक तेथे रेंगाळत नाही, कोणाकडून भाषण करवीत नाही. एकाच चौकटीत त्यांचा वारसा आणि आपली आजची अवस्था ठेवून तो पुढे जातो.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्या १९५९ च्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटाचा शेवट जाणकारांना ठाऊक असेल. सुधारगृहातून पळालेला आंत्वान समुद्राशी पोहोचतो, वळून आपल्याकडे पाहतो आणि चित्र गोठते. ती नजर आपल्याला प्रश्न विचारते. जब्याचा दगड प्रश्न विचारीत नाही. तो पाहणाऱ्याला बघ्यांच्या रांगेतून ओढून काढतो. दलित कवितेने जो नकार शब्दांत दिला, तो येथे चित्रभाषेत आला आहे, असे मी म्हणतो.

तरीही आपल्या माणसाच्या कामाकडे आपण डोळे झाकून पाहू नये. मंजुळे यांच्याच ‘सैराट’ (२०१६) मध्ये पूर्वार्धात परश्या, सल्या आणि लंगड्या प्रदीप यांची दोस्ती जिवंत आहे. संथगती आणि गाणी यांनी तो भाग उजळलेला आहे. उत्तरार्धात गाणी थांबतात, खोल्या अरुंद होतात. हे तंत्र अर्थपूर्ण आहे. पण आर्ची-परश्या पळतात तेव्हा कॅमेरा त्यांच्याबरोबर जातो, आणि मार खाल्लेले सल्या-प्रदीप मागे राहतात. ज्या गावात प्रेम करणाऱ्याचा जीव घेतात, त्या गावात त्याला साथ देणाऱ्या मुसलमान आणि अपंग पोरांचे पुढे काय झाले? दोस्तीची किंमत पडद्याबाहेर चुकवली गेली. येथे पूल ओलांडायला मंजुळे विसरले, असे मला वाटते. आणखी एक उणीव सर्वांचीच. या पाचही चित्रपटांत दोन दलित मुलींची दोस्ती नाही. शालूला स्वतःचा आवाज नाही आणि आर्ची पाटलांची आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना स्वतःचे मोठे होणे अजून पडद्यावर भेटलेले नाही.

‘फँड्री’ मी ठाण्यात पाहिला, पत्री पुलावरच्या त्याच मित्राबरोबर. दगड आला तेव्हा त्याने मान खाली घातलेली मी पाहिली. परतीच्या लोकलमध्ये मुंब्र्यापर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, “मी तुझ्या घरी कधी आलोच नाही ना रे?” मी म्हटले, “नाही.” कल्याणला उतरून तो पश्चिमेला गेला, मी पूर्वेला. पुढच्या रविवारी तो टेकडी चढून आला. आईने चहा केला आणि विचारले, “एवढी वर्षं कुठं होतास, बाळा?” त्याच्याजवळ उत्तर नव्हते. ते त्याला आजही सापडलेले नाही. पण तो येत राहिला.

एका चित्रपटाने जात जात नाही, हे मलाही कळते. तो जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला, २०२१ मध्ये तेथे नवा झाला; टेकडीवरची वस्ती आहे तेथेच आहे. पण माझे विद्यार्थी आता हातातल्या मोबाइलवर लघुपट करू लागले आहेत. त्यांना मी एकच सांगतो. मित्राला चौकटीत घ्याल तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत जा. कात्री लावायचीच असेल तर त्याच्या आईने दिलेला चहा पिऊन झाल्यावर लावा.