ख्यालातील सासुरवाशीण

जालना जिल्ह्यातील अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाला जुनी परंपरा आहे. आचार्य गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी ती निगडित आहे. अशा मैफलीहून परतणाऱ्या श्रोत्यास काय ऐकले असे विचारले, तर तो राग सांगेल, गायकाची तयारी वाखाणील. बंदिशीचे शब्द मात्र सहसा सांगणार नाही. आमच्या मते ही आपल्या रसिकतेतील मोठी उणीव आहे.

ख्यालाच्या बंदिशी शब्दांकडे लक्ष देऊन ऐकल्या, तर त्यांत एक स्त्री वारंवार भेटते. सासू जागी आहे, नणंद पाळत ठेवून आहे, पैंजण वाजतील या भीतीने तिला पाऊल उचलवत नाही. ब्रजभाषेचे वळण बाजूस सारले, तर ही आपल्याच घरातील सासुरवाशीण होय. तिचे हे शब्द पुष्कळदा पुरुषांनी रचले आणि पुरुषांनीच गाइले. गाऱ्हाणे तिचे आणि वाहवा त्यांची, असा हा व्यवहार!

प्रत्यक्ष गाणाऱ्या स्त्रीला तरी समाजाने कसे वागविले? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्यातील कलावंत समाजातून आल्या. त्यांच्या समाजाचे गाणे प्रतिष्ठितांना हवे होते. गाणारीला घरंदाजांच्या पंक्तीत स्थान नव्हते. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि इतर स्त्रियांसाठी वाट मोकळी केली. पुढे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीताची तबकडी अंतराळात गेली. तीत भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे.

याच सासुरवाशिणीचा दुसरा आवाज मराठवाड्याच्या जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जालन्याशेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी गाइलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही या संग्रहात आहेत. येथे रचणारी स्त्री, गाणारी स्त्री आणि सोसणारीही तीच. ओवीत सूर शब्दाला सांभाळतो. ख्यालात मात्र पुष्कळदा शब्द तानेखाली हरवतो.

ख्याल हा सुरांचा विस्तार आहे, त्याने सामाजिक भाषण करावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तशी आमची अपेक्षा नाही. परंतु आग्रा घराण्याने बोलबनाव आणि बोलतानांतून शब्दाला मान दिला, तरी तेथे रागाला उणेपणा आला नाही. तेव्हा दोष शैलीचा नाही. शब्द गिळणाऱ्या गायकाचा आणि ते न मागणाऱ्या श्रोत्याचा आहे. गायकाची तयारी मोजताना शब्दांतील दुःख त्याने आपल्यापर्यंत पोहोचविले काय, हेही मोजले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांनाही सोडत नाही. रविवारी वेदीजवळ उभी राहून एखादी सून स्तोत्र गाते. स्तोत्रांतही आक्रोश आहे, न्यायाची याचना आहे. आपण तिच्या गोड गळ्याचे कौतुक करतो आणि घरी परतल्यावर तिने तोंड उघडलेले आपल्याला खपत नाही. मग मैफलीतील श्रोत्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो? तिच्या गळ्याबरोबर तिचे म्हणणेही ऐकून घेण्यास आपण शिकलो, तर बंदिशीतील ती सासुरवाशीणही आपल्याला ऐकू येईल, असे आम्हांस वाटते.