‘अदालत’मध्ये भुते का आली?

सोनी वाहिनीवरील ‘अदालत’ ही हिंदी मालिका उत्तरार्धात घसरली, हे तिचे चाहतेही मान्य करतात. नोव्हेंबर २०१० मध्ये ती सुरू झाली, २०१५ पर्यंत चालली, २०१६ साली तिचे दुसरे पर्व आले. रोनित रॉय यांनी उभा केलेला वकील के. डी. पाठक घराघरांत पोचला. आरंभीच्या भागांत उलटतपासणीला आणि साक्षीतील विसंगतीला काही मोल होते. पुढे न्यायालयात भुते, पछाडलेले वाडे, शाप यांची गर्दी झाली. लेखकांजवळचे विषय संपले, असे याचे निदान केले जाते. मला ते मान्य नाही. विषय समोर होते. त्यांना हात लावायचा नव्हता.

मालिका सुरू होण्याच्या चारच महिने आधी, जुलै २०१० मध्ये, नागपूर खंडपीठाने खैरलांजीचा निकाल दिला. २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले गेले. फाशीऐवजी जन्मठेप झाली आणि भंडाऱ्याच्या न्यायालयाप्रमाणे येथेही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जात पाहून मारले, हे न्यायालयात सिद्ध कसे करायचे? याहून मोठे न्यायालयीन नाट्य कोणते? परंतु के. डी.च्या पक्षकारांना आडनावे असतात, जात नसते. आणि खरा गुन्हेगार बहुधा पिंजऱ्यात उभा राहून, दोन-चार प्रश्नांनी कोसळून कबुली देतो. खर्ड्याच्या नितीन आगेचा २०१४ साली खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले. ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध आज साक्ष कशी द्यायची, हा प्रश्न के. डी.च्या बुद्धिचातुर्याने सुटणारा नाही. म्हणून तो प्रश्नच या मालिकेत येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) तो येतो. तेथे वीरा साथीदार यांचा शाहीर नारायण कांबळे तारखांमागून तारखा भोगतो. कबुली कोणीच देत नाही.

आता भुतांविषयी. मी वाणगावचा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भूत ही शनिवार-रविवारची करमणूक नव्हे. भगत तांदळाचे दाणे पाहतो, एखाद्या बाईला भुताळी ठरवतो, आणि मग मारहाण, वाळीत टाकणे, गाव सोडणे तिच्या वाट्याला येते. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्याला करणी करणारा ठरवणे हा गुन्हा झाला. त्या वेळी ही मालिका जोरात चालू होती. के. डी. पुष्कळदा भुतामागचा माणूस उघडा पाडतो, हे मी नाकारत नाही. पण तेथे भूत ज्याला दिसते त्याची गोष्ट असते. जिला भूत म्हटले जाते तिची नसते. तासभर भय विकून अखेरच्या पाच मिनिटांत विवेक वाटायचा, हा व्यवहार तिच्या काय कामाचा?

विधवा एकटी असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, दिराला तो हवा असतो. अशा वेळी भगताच्या दाण्यांपेक्षा तलाठ्याचे दप्तर अधिक बोलके ठरते. इतक्या भागांत के. डी. पाठकाने एकदाही सातबारा मागितल्याचे मला आठवत नाही.