संकलन : एक समीक्षाकृती

संकलन ही दुय्यम स्वरूपाची कृती आहे, असे आपली समीक्षा बहुधा गृहीत धरते. संकलकाने निवडावे, क्रम लावावा आणि बाजूला व्हावे. मूल्यविवेचन समीक्षकाने करावे, अशी ही कामाची वाटणी आहे. परशुरामतात्या गोडबोले यांच्या 'नवनीत'ने (१८५४) प्राचीन मराठी कवितेची प्रतिमा कशी घडवली हे ठाऊक असूनही हा समज टिकून आहे. तो तपासून पाहण्यासाठी साहित्याबाहेरचे एक उदाहरण येथे घेतले आहे.

'फॉर डान्सर्स ओन्ली' ही लंडनच्या केंट रेकॉर्ड्सने १९८२ मध्ये काढलेली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. संकलक एडी क्रॉसडेल. सामग्री लॉस एंजेलिसच्या मॉडर्न-केंट या कंपनीच्या १९६०च्या दशकातील भांडारातली. केंट हे नावही तेथूनच आलेले. चर्चमधील भक्तिगायन आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संयोगातून घडलेले, 'सोल' या नावाने ओळखले जाणारे हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत. दोन बाजूंना दोन गीते असलेल्या छोट्या तबकड्यांतून ते बाजारात येई. त्यांतील कित्येक तबकड्या मायदेशी फारशा खपल्या नाहीत.

त्यांना श्रोता लाभला तो इंग्लंडमध्ये. १९६०च्या दशकाच्या आरंभी नेटके शिवलेले सूट घालणारे, इटालियन स्कूटरवरून फिरणारे 'मॉड' तरुण लंडनच्या फ्लेमिंगो व सीन या क्लबांत, पुढे मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हीलमध्ये या संगीतावर रात्रभर नाचत. फॅशन बदलली तरी उत्तर इंग्लंडने ही अभिरुची सोडली नाही. डेव्ह गॉडिन यांनी १९७०मध्ये तिला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिले. १९७९मध्ये मॉड शैलीचे पुनरुज्जीवन होत असताना क्रॉसडेल आणि रँडी कोझेन्स यांनी लंडनमध्ये '६टीज' या सोलनृत्याच्या रात्री सुरू केल्या. प्रस्तुत संकलन या परंपरेतून आले आहे.

मॉड तरुण बाजारातील वस्तू उचलतो आणि तिला आपला अर्थ देतो, असे डिक हेब्डिज यांच्या विवेचनाचे (१९७६) सूत्र आहे. हे सूत्र गीतालाही लागू पडते. 'केवळ नाचणाऱ्यांसाठी' हे शीर्षक कर्त्याविषयी मौन पाळते आणि ग्राहकाला संबोधते. खप, प्रसिद्धी, गायकाची प्रतिष्ठा हे निकष मागे पडून नाचणाऱ्या देहाचा प्रतिसाद हा एकच निकष उरतो. याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर अपेक्षांचे क्षितिज बदलले आणि अपयशी ठरलेली कृती अभिजात ठरली. ग्राहकलक्ष्यी समीक्षेला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

परंतु येथेच थांबणे धोक्याचे आहे. उत्तरेकडील क्लबांत तबकडीच्या नावपट्टीवर कोरा कागद चिकटवून गायकाचे खोटे नाव जाहीर करण्याची प्रथा होती. प्रतिस्पर्ध्याला ती तबकडी मिळू नये, हा हेतू. फ्रँक विल्सन यांचे १९६५चे 'डू आय लव्ह यू' हे गीत असेच एडी फॉस्टर या नावाने वाजवले गेले. त्याच्या मूळ प्रती अत्यल्प; त्यांतील एक २००९मध्ये पंचवीस हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली. बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा वाचकाच्या मुक्तीसाठी केली होती. येथे कर्त्याचे नाव पुसले गेले ते मालकीसाठी, आणि पुसले गेलेले नाव एका कृष्णवर्णीय कलावंताचे होते. ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा गौरव करताना त्या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सिद्धान्ताने टाळता कामा नये.

संकलनाचे समीक्षामूल्य या प्रश्नाच्या संदर्भात ठरते. विल्सन यांचे गीत मोटाऊन कंपनीचे, म्हणून ते या संकलनात नाही. मात्र ज्या प्रथेने त्यांचे नाव झाकले, तिला या संकलनाने छेद दिला. दुर्मिळ तबकडी जवळ असणे म्हणजेच अभिरुची, हे समीकरण परवानाप्राप्त आणि सर्वांना परवडणाऱ्या ध्वनिमुद्रिकेने मोडले; गीतापुढे गायकाचे खरे नाव छापले. नाचणाऱ्याचा निकष तसाच ठेवून कर्त्याची ओळख परत करणे, ही दुहेरी कृती या संकलनात घडते.

तिची मर्यादाही नोंदवावयास हवी. नृत्याचा निकष द्रुत लयीला झुकते माप देतो. विलंबित लयीतील आर्त गायन, जे सोलचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे, ते कडेला पडते. अशा संकलनावरूनच एखादा गायक ओळखणाऱ्याला तो अर्धाच भेटतो. प्रत्येक निवड एक दृष्टी देते आणि एक आंधळेपणही देते. मग कोणतेही संकलन वाचताना काय निवडले याच्या जोडीने, कोणाच्या गरजेसाठी निवडले आणि कोणाचे नाव राखले, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते. हे प्रश्न मुळात समीक्षेचे आहेत. ते संकलकालाही लागू होतात, एवढे मान्य केले तरी त्याला दुय्यम म्हणणे अवघड होईल.