दोन प्रकरणांमधली रिकामी जागा

आभा सूर यांचे ‘डिस्पर्स्ड रेडियन्स’ हे इंग्रजी पुस्तक २०११ साली नवयानने प्रसिद्ध केले. भारतातील आधुनिक विज्ञानात जात आणि स्त्री-पुरुष भेद कसे मुरले, हा त्याचा विषय. ‘विज्ञानाला जात नसते’ असे वर्गात छातीठोकपणे सांगणाऱ्या प्राध्यापकांनी ते अवश्य वाचावे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतील स्त्रियांविषयीचा भाग मला सर्वांत बोलका वाटला. ॲना मणी यांनी तिथे ३० हून अधिक हिऱ्यांचे वर्णपट तपासले. एकेका वर्णपटासाठी छायाचित्राची काच १५-२० तास उघडी ठेवावी लागे. कित्येक रात्री त्या प्रयोगशाळेतच झोपल्या. पुरुष सहकाऱ्यांशी मोकळी चर्चा मात्र वर्ज्य, कारण स्त्री-पुरुषांनी मिसळणे रामन यांना खपत नसे. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला. एम.एस्सी. नाही, या सबबीवर पीएच.डी. नाकारली गेली. पदार्थविज्ञानात स्त्रिया कमी का, याचे उत्तर स्त्रीच्या मेंदूत नाही; ते अशा दारांत आहे.

पुस्तकात दुसरीकडे मेघनाद साहा भेटतात. डाक्क्याजवळच्या खेड्यातील, खालच्या मानलेल्या जातीतल्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थी त्यांच्या पंक्तीला बसत नसत. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे समीकरण त्यांनीच मांडले.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. एका प्रकरणात स्त्री आहे, दुसऱ्यात जात आहे. दलित स्त्री कुठे आहे? ॲना मणींचे वडील इंजिनिअर, वेलदोड्याच्या मळ्यांचे मालक. आठव्या वाढदिवशी हिऱ्याच्या कुड्या नाकारून मुलीने ज्ञानकोश मागितला. ही जिद्द मी मानतो. पण जिच्या घरी नाकारायला कुड्याच नव्हत्या, ती त्या दारापर्यंत पोचलीच नाही. म्हणून तिला नाकारल्याचीही नोंद नाही. हा दोष लेखिकेचा कमी, व्यवस्थेने मागे ठेवलेल्या कागदपत्रांचा अधिक.

आपल्या मुलींना ज्ञानाची ओढ नव्हती, असे कोणी म्हणू नये. मुक्ता साळवे या मांग समाजातील शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ सालीच छापला गेला. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. विज्ञानसंस्थांत स्त्रिया किती, हे मोजताना त्या कोणत्या जातींतून आल्या, हेही त्याच तक्त्यात विचारले पाहिजे. नाहीतर स्त्रियांचा आकडा वाढेल, आणि आपल्या मुली दाराबाहेरच राहिल्या हे त्या आकड्यात दिसणारही नाही.